मागं माणूस न लागणारी गाडी

पिकअप गाडीला चाकं चार असत्यात, पण ओढणारी दोनच, आन् ती बी मागची. डांबरावर फिरणाऱ्याला हे म्हाईत नसलं तरी काय बिघडत न्हाय. आमच्या पाणंदीला मात्र हे म्हाईत नसलेला माणूस चपला हातात घेऊनच घरी पोचतो. रिकामी पिकअप म्हंजे डोकं जड आन् बूड हलकं. इंजिनाचं सगळं वजन पुढं, आन् जोर लावायचा मागच्या चाकांनी. चिखल आला की मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरत्यात, आन् पुढची दोन आपली पावण्यासारखी बघत बसत्यात. गाडी काय हलत न्हाय.

म्हणून माझी बायको मागं बसायची.

हसू नका. मी रामहरी. कळंबच्या अलीकडं वस्तीवर राहतो, पेरूची बाग हाय. डांबरी सोडली की वस्तीपातूर पाणंद, आन् पाणंदीच्या मधोमध शंभरेक पावलांचा चोपणाचा टप्पा. चोपण म्हंजे असली माती, की वाळली तर कुदळ उडती आन् भिजली तर नुसता साबण. कालव्याला पाणी सुटलं की शेजारचा पाट पाझरतो आन् भर उन्हात तो टप्पा भिजतो. आभाळात ढगाचं नाव न्हाय, आन् आमी चिखल तुडवतोय. नव्या माणसाला ह्याचं हसू येतं. आमाला येत न्हाय.

सकाळी जाताना काय अडचण नसती. क्रेट भरलेली असत्यात, त्या वजनानं मागची चाकं जमीन धरत्यात आन् गाडी निघती. इंदापूरच्या बाजारात माल उतरला की परतीला गाडी रिकामी, तिथं खरी गोची. म्हणून कालव्याला पाणी असलं की सिंधू, माझी बायको, दहा-साडेदहाला घरातनं निघायची, कडेकडेनं चालत डांबरीवर यायची आन् लिंबाखाली माझी वाट बघत उभी राहायची. मी आलो की मागनं हौद्यात चढायची. एक क्रेट पालथं घालून बरोबर मागच्या चाकांच्या वर बसायची. अंगानं चांगली भरलेली बाई. नीट बसली की केबिनच्या पत्र्यावर थाप मारायची, मग मी क्लच सोडायचो. गाडी डुलत डुलत, पण कुठं न थांबता पार व्हायची.

"मी बायको हाय का पोतं?" ती मागनं वरडायची.

"पोतं गप बसतं," मी म्हणायचो.

मग एखादा पिचका पेरू केबिनच्या मागच्या काचेवर यायचा. आजूबाजूच्या रानातली माणसं खुरपी थांबवून बघायची आन् हसायची. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पाणी बंद झालं, पाणंद खडखडीत वाळली, तरी ती कधीमधी लिंबाखाली उभी दिसायची. "आज कशाला आलीस? कोरडं हाय की," असं म्हणलं तर म्हणायची, "आले तर आले. तुमचं डिझेल काय जास्त जातंय व्हय?" आन् चढायची मागंच. पुढं माझ्याशेजारची सीट रिकामी असायची, पण तिला मागं वारा लागायचा म्हणं.

दोन वर्षांखाली, थंडीत, एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. तेवढ्या दिवशी ती पुढं माझ्याशेजारी बसली. बारामती येईपातूर माझ्याशी बोलत होती. शेळीला पाणी दाखवायचं राहिलं म्हणत होती. पोचलो तवा बोलायची थांबली होती. ह्याच्यापुढचं मला सांगायचं न्हाय.

ती गेल्यावर पहिल्यांदा कालव्याला पाणी आलं आन् मी बाजारातनं रिकामी गाडी घेऊन आलो. लिंबाखाली कुणी न्हाय. चोपणात शिरलो आन् मधोमध रुतलो. सोपान पळत आला. सोपान म्हंजे माझ्या बांधाला बांध असलेला. आमी शाळेत एका बाकावर बसलेलो, पुढं शाळा सोडली ती बी एकाच दिवशी. त्यानं खोऱ्यानं चिखल काढला, चाकाखाली उसाचं पाचट घातलं, खांदा लावला. अर्ध्या तासानं गाडी निघाली. त्याच्या तोंडावर, मिशीत, सगळीकडं चिखल. तोंड पुसत तो मला म्हणाला, "रामा, आता वहिनी न्हाईत. दोन पोती वाळू भरून मागं टाकून ठेव. तेवढंच वजन होतंय."

तो वाईट बोलला न्हाय. आज कळतंय मला. आमचं डोकंच असं चालतं. बैल गेला, ट्रॅक्टर बघा. विहीर आटली, बोअर मारा. एक गेलं की त्याच्या जागी दुसरं काय बसतंय ते आधी बघायचं, रडायचं नंतर. पण त्या घडीला माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला.

"तुझ्या तोंडात माती पडो!" मी म्हणलं. "माझी बायको पोतं होती का रं? परत माझ्या गाडीला हात लावलास तर हात मोडून टाकीन!"

 त्यानं खोरं उचललं आन् गेला. खरं सांगू का, माझा राग त्याच्यावर नव्हताच. जन्मभर तिला पोतं मीच म्हणत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी जुनी पिकअप घेऊन बारामतीला गेलो. तिथं विजयसिंह म्हणून एक जण जुन्या गाड्यांचा धंदा करतो. त्याला सगळी अडचण सांगितली, बायकोचं सोडून. त्यानं मला एका उंच पिकअपपाशी नेलं. टायरांच्या खाचा अशा, की बोटं आत जातील.

"आबा, ही फोर बाय फोर," तो म्हणाला. "हा मोठा दांडा गिअरचा. त्याच्या शेजारी हा बारका दांडा बघा. एरवी हिची बी दोनच चाकं ओढत्यात. चिखल आला की बारका दांडा मागं ओढायचा, मग पुढची दोन बी कामाला लागत्यात. चारी बाजूनं ओढ."

"मागं वजन टाकावं लागतं का?"

"कशाचं वजन? हिला मागं माणूस लागत न्हाय."

त्याच्या ह्या एका वाक्यावर मी सौदा केला. टायर दाबून बघितलं न्हाय, इंजिन ऐकलं न्हाय. जुनी गाडी त्याच्या ताब्यात देताना तिच्या हौद्यात एक क्रेट पालथं पडलेलं होतं, ते तेवढं काढून नव्या गाडीत टाकलं.

येताना भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं तासभर अडकलो, पण मला घाई होती ती चोपणाची. पाणंदीत शिरलो, बारका दांडा मागं ओढला, आन् काय सांगू, गाडी चिखलातनं अशी गेली जशी सुरी लोण्यातनं. सोपान त्याच्या रानात वाकून काय तरी करत होता. मी मुद्दाम हॉर्न वाजवला. एकदा न्हाय, चारदा. आपला हात जगन्नाथ! आता कुणाच्या बापाची गरज न्हाय मला, असं मोठ्यानं केबिनमध्ये म्हणलं बी.

आठ दिवस लई मजा वाटली. मग ध्यानात आलं की मजा बघायला कुणी न्हाय.

पूर्वी एखाद्या दिवशी सिंधू यायची राहिली आन् गाडी अडकली, की चार माणसं गोळा व्हायची. एक चाकाखाली दगड घालणार, एक "डावीकडं घे, डावीकडं घे" म्हणून वरडणार, एक नुसता कमरेवर हात ठेवून शहाणपण शिकवणार. तेवढ्यात कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या बागेत फळमाशी पडली, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं कळायचं. कुणाच्या तरी घरनं चहा यायचा. आता माझी गाडी रोज न अडकता जायची आन् रानातलं कुणी मान वर करून बघत बी नसायचं. बघायचं कशाला? न अडकणाऱ्या गाडीत बघण्यासारखं काय असतंय?

पोरगी हाय मला एक, प्रगती. चाकणला दिलीय. रोज रात्री आठला फोन करती. "दादा, जेवला का?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "मग ठेवू?" "ठेव." पोरगी गुणाची हाय, तिच्या मागं नोकरी हाय, दोन पोरं हाईत, मी तिला नाव ठेवत न्हाय. पण कधी कधी मी जेवलेलो नसायचो, तरी जेवलो म्हणायचो, आन् फोन ठेवल्यावर वाटायचं, हिनं एकदा तरी म्हणावं की दादा, खोटं बोलताय.

एकदा सांजच्याला मी पायरीवर बसून आठवत होतो, सकाळपासनं आपण तोंडातनं काय काय काढलं. बाजारात एकदा "चांगला माल हाय, वरचं बघू नका, खालचं बघा." आन् घरी आल्यावर कुत्र्याला "हाड." संपलं. आख्ख्या दिवसाची भाषा तेवढी. मला एकदम भ्याच वाटलं. माणूस असाच मुका होत असंल का, असं आलं मनात.

आन् बांधापलीकडं सोपानच्या घरात रेडिओ लागायचा. त्याचा खोकला ऐकू यायचा. मी कितीदा तरी बांधापातूर गेलो आन् तिथनं माघारी आलो. जाऊन बोलायला काय तोंड नव्हतं मला? होतं की. पण सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाय, तसली आमची जात. मला तो पाहिजे होता, पण मी बोलवायला नको, त्यानंच यावं असं पाहिजे होतं. जसा आधी यायचा, गाडीचा आवाज ऐकून, खोरं घेऊन.

आन् एक दिवस, चिखलातनं सरसर जाताना, माझा हात त्या बारक्या दांड्यावर होता, तवा डोक्यात आलं. दांडा मागं ओढलाच न्हाय तर?

यंदा होळीच्या आसपास कालव्याला पाणी आलं. टप्पा चांगला भिजू दिला. मग एक दिवस बाजारातनं आलो, रिकामी गाडी चोपणात घातली, आन् बारक्या दांड्याला हात लावला न्हाय. नुसत्या मागच्या दोन चाकांवर. म्हणलं, आता रुततीय. कशाचं काय! त्या खाचाखाचांच्या टायरांनी चिखल असा धरला की गाडी थोडी वाकडीतिकडी झाली आन् गेली पलीकडं. च्यायला! आयुष्यभर अडकू नये म्हणून देवाचं नाव घेतलं, आन् आता अडकायचं म्हणतोय तर गाडी अडकंना. वळवली, परत घातली. परत पार. परत वळवली. वस्तीवरची बानूबाई पाणंदीच्या कडंला शेरडं चारत होती. तिसऱ्या फेरीला तिनं विचारलंच, "रामहरी आबा, काय हरवलंय का?"

"न्हाय, गाडी बघतोय," मी म्हणलं.

"चिखलात?"

मी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाटाच्या बाजूला घेतलं, जिथं खुरट्या गवताखाली नुसतं पाणी असतंय. अकरा वाजून गेले होते. गाडी अडकली. बरोबर अडकली. मी जोरजोरात रेस दिली, आवाज चांगला रानभर जाईल असा. सोपान त्याच्या बांधावर खोरं घेऊन उभा होता. त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मला दिसत होता तो, त्याच्या डोक्याचा टॉवेल सुदिक दिसत होता. मला असं झालं, जसं काय मी पंधरा वर्षांचा हाय आन् मास्तरानं पकडलाय.

तो उभा राहिला. मग पाठ फिरवली आन् विहिरीकडं चालायला लागला.

मी बसून राहिलो. हॉर्न वाजवला न्हाय. केबिनचा पत्रा तापला, घाम गळायला लागला, तरी बसलो. मनात म्हणलं, येईल. मग म्हणलं, कशाला येईल? हात मोडीन म्हणलास ना तू त्याला? लई वेळ झाला, अर्धा तास झाला असंल. मला माझीच लाज वाटली. एकसष्ट वर्षांचा माणूस, धडधाकट गाडी, बोटानं दांडा ओढला तर निघंल अशी, आन् मी चिखलात बसून रडतोय. व्हय, रडलो. सांगायला काय, तिथं कोण होतं बघायला? तोंड पुसलं, दांडा मागं ओढला आन् निघून आलो. त्या दिवशी जेवलो न्हाय. रात्री पोरीला सांगितलं, जेवलो.

तिसऱ्या दिवशी बाजार लवकर उरकला. येताना वाटंभर स्वतःशी भांडत आलो. आता नाटक बंद. सरळ दांडा ओढायचा, घरी जायचं, भाकरी खायची, झोपायचं. पण पाणंदीत शिरलो आन् सोपानच्या रानाकडं नजर गेली. रान मोकळं. कुणी न्हाय. आन् असला राग आला! कुणावर ते विचारू नका. त्याच्यावर, माझ्यावर, त्या विजयसिंहावर, सिंधूवर बी, मला न सांगता गेली म्हणून. दांडा तसाच ठेवला आन् गाडी काल अडकली त्याच खड्ड्यात घातली. चाकं फिरली, मी आणखी दाबलं, आणखी फिरली. चिखल मागं माणूसभर उडत होता. मी पाय उचललाच न्हाय. गाडी खाली खाली जात होती ते कळत होतं मला, तरी दाबत होतो.

दम लागला तवा थांबलो. मग दांडा मागं ओढला. झाली हौस, चला घरी. क्लच सोडला. चारी चाकं फिरली आन् गाडी तिथल्या तिथं. मागं घेतली, तिथंच. खाली उतरून बघतो तर गाडीचं पोट चिखलाला टेकलेलं. पोट एकदा टेकलं की चाकं दोन ओढू द्या न्हायतर चार, सगळी हवेत हात मारल्यासारखी. विजयसिंहानं हे काय सांगितलं नव्हतं, आन् मी विचारलं नव्हतं.

आता मात्र खरंच अडकलो होतो. गुडघ्यापातूर चिखलात उभा. फोन काढला. कुणाला लावू? चाकणला लावून काय उपयोग? नावं वर सरकवली, खाली सरकवली. पेरूचे व्यापारी, औषधवाला, खतवाला. एक सुदिक माणूस असा न्हाय ज्याला म्हणावं, ये रं जरा. फोन खिशात घातला आन् रानाकडं तोंड करून वरडलो.

"सोपान! ए सोपान!"

वर्षाच्या वर झालं होतं ते नाव घेऊन. माझा आवाज मलाच ओळखू आला न्हाय.

"वरडतोस कशाला? हितंच हाय की," मागनं आवाज आला.

तो पाणंदीनंच येत होता, खांद्यावर खोरं, हातात पाचटाचा भारा. मी हाक मारायच्या आधीच निघालेला. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. टॉवेल कमरेला बांधला, पालथा झोपला आन् गाडीच्या पोटाखालचा चिखल वढायला लागला. मी बी हातानं वढू लागलो. पाऊण तास आमी दोघं धापा टाकत चिखल वढत होतो. मग चारी चाकांखाली पाचट दडपलं. मी केबिनमध्ये बसलो. तो मागं हौद्यात चढला आन् चाकांच्या वर उभा राहिला, दोन्ही हातांनी केबिन धरून.

"दांडा मागं हाय ना?" त्यानं विचारलं.

"हाय."

"मग सोड हळू."

गाडी कण्हली, सरकली, आन् निघाली. कोरड्यावर आल्यावर मी इंजिन बंद केलं.  तो उडी मारून खाली आला आन् दारापाशी उभा राहिला.

"काल घटकाभर थांबायला काय झालं होतं तुला?" तो म्हणाला. "पाणी वाफा फोडून चाललं होतं. विहिरीवर जाऊन मोटर बंद केली, पळत आलो, तर तू दांडा ओढून पसार."

"तुला दांड्याचं कसं म्हाईत?"

"तुझ्या नव्या गाडीचं सगळ्या वस्तीला म्हाईत हाय. बानूबाई म्हणाली, रामहरी आबाचं डोकं फिरलंय, तीनदा चिखलातनं हिकडनं तिकडं गेला. मी म्हणलं, डोकं न्हाय फिरलं. त्याला अडकायचंय, आन् ते त्याला जमंना."

मला हसू आलं आन् हसता हसता रडू आलं, आन् मग नुसतं रडूच. स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.  तो चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवून उभा राहिला.

"मी त्या दिवशी तुला नको ते बोललो," मी म्हणलं.

"मी तरी कुठं शहाण्यासारखं बोललो? वहिनी गेल्यावर तुझ्यापाशी काय बोलावं तेच सुचत नव्हतं. काय तरी बोलायचं म्हणून वाळूचं बोललो."

मी तोंड पुसलं. म्हणलं, "चल घरी, चहा करतो. अनितावहिनींना बी हाक मार."

"ती कुठं हाय? हडपसरला गेलीय पोराकडं, नात सांभाळायला. दिवाळीपासनं."

"दिवाळीपासनं? मग तुझ्या जेवणाचं काय?"

"थापतो की भाकरी. वाकडी होती, पण पोटात गेल्यावर सरळ होती."

दिवाळी ते होळी. बांधाच्या पलीकडं एक माणूस एवढे महिने एकटा भाकरी थापून एकटा जेवत होता, आन् मला पत्ता न्हाय. मला वाटायचं, रेडिओ लागतोय म्हंजे घर भरलेलं हाय. मी माझंच दुःख उराशी धरून बसलो होतो. शेजारी म्हणायच्या लायकीचा तरी राहिलो होतो का मी?

आमी माझ्या पायरीवर चहा प्यालो. साखर जास्त पडली, तरी त्यानं दुसऱ्यांदा मागितला. पेरूच्या भावाचं बोललो, त्याच्या नातीचं बोललो. घड्याळाकडं बघून तो उठला, खोरं खांद्यावर घेतलं.

"उद्या अडकणार हायस का?" त्यानं विचारलं.

"बघू."

"न्हाय, अडकणार असशील तर अकराच्या आत अडक. ह्या आठवड्यात अकराला लाईट येती, मला मोटर चालू करायला जावं लागतंय."

"साडेदहाला अडकतो," मी म्हणलं.